निर्देशांक रूपांतराचे प्रोग्रॅम एका कॅल्क्युलेटरवरून दुसऱ्यावर कसे आणावेत

सातारा-सांगली भागात कालव्याची आखणी, रस्त्याचे रुंदीकरण किंवा जमिनीची मोजणी करणाऱ्या अनेक जुन्या सर्व्हेअरांकडे एक वही असते आणि त्या वहीत कॅसिओ एफएक्स-४५००पी किंवा एफएक्स-४८००पी या कॅल्क्युलेटरसाठी कोणीतरी हाताने लिहून दिलेले प्रोग्रॅम असतात. कालांतराने यंत्र बंद पडते, हाती एफएक्स-५८००पी येतो किंवा एचपी-३५एस मिळतो आणि वहीतला तोच प्रोग्रॅम ओळीस ओळ टाइप केला जातो. त्यानंतर दोनपैकी एक गोष्ट घडते. यंत्र सिंटॅक्स एरर दाखवून थांबते, किंवा न थांबता उत्तर देते आणि ते उत्तर चुकीचे असते. पहिला प्रकार वेळखाऊ असला तरी निरुपद्रवी आहे, कारण चूक कोणत्या ओळीत आहे ते यंत्रच दाखवते. दुसऱ्या प्रकारात मात्र खुंटी चुकीच्या जागी ठोकली जाते. हे लेखन मुख्यतः या दुसऱ्या प्रकाराविषयी आहे.

सूत्र कोणत्याही यंत्रावर तेच राहते. बदलतात त्या यंत्राच्या सवयी: कोन कोणत्या एककात मोजायचा, उत्तर कोणत्या अक्षरात ठेवायचे, ऋण कोन कसा दाखवायचा, अंश-मिनिट-सेकंद कसे लिहायचे. त्यामुळे प्रोग्रॅम आणणे म्हणजे टाइप करणे नव्हे. आधी जुन्या यंत्राच्या सवयी प्रोग्रॅममधून वेगळ्या काढाव्या लागतात आणि मग नव्या यंत्राच्या सवयी त्यात भराव्या लागतात. यंत्रावरील आज्ञा आणि अक्षरे येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना बटणावरचे अक्षर वापरावे.

आधी कागद, मग बटणे

जुना प्रोग्रॅम समोर ठेवून प्रथम एक साधा तक्ता करावा. त्यात प्रोग्रॅममध्ये आलेले प्रत्येक अक्षर, त्याचा अर्थ, त्याचे एकक आणि ते कोठे भरले जाते व कोठे वापरले जाते, हे लिहावे. हे काम कंटाळवाणे वाटते, पण माझ्या मते निम्मे काम येथेच संपते. ‘ए म्हणजे पहिल्या स्टेशनचे (मोजणीच्या बिंदूचे) नॉर्दिंग, म्हणजे उत्तरेकडील निर्देशांक, आणि बी म्हणजे ईस्टिंग, म्हणजे पूर्वेकडील निर्देशांक’ असे लिहून झाले की प्रोग्रॅममधील प्रत्येक ओळ मराठीत वाचता येते, आणि जी ओळ वाचता येत नाही ती अजून समजलेली नाही हे आपोआप कळते. कोणती अक्षरे प्रोग्रॅम स्वतः वापरतो आणि कोणती अक्षरे यंत्र आपल्या मर्जीने भरते, हा भेद तक्त्यात ठळक करावा.

त्यानंतर दिशेचा प्रश्न सोडवावा. गणितात कोन एक्स-अक्षापासून घड्याळाच्या उलट दिशेने मोजतात, तर सर्व्हेमध्ये बेअरिंग, म्हणजे रेषेचा दिशा-कोन, उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजतात. दोन निर्देशांकांवरून अंतर आणि कोन काढणाऱ्या कॅसिओच्या पोल या फंक्शनला पहिला आकडा एक्स आणि दुसरा वाय असे समजते. आपण एक्सच्या जागी नॉर्दिंगमधील फरक आणि वायच्या जागी ईस्टिंगमधील फरक दिला, तर अक्षांची अदलाबदल होते आणि त्याबरोबर कोनाची दिशाही उलटते. म्हणून तेच फंक्शन थेट पूर्ण-वर्तुळ बेअरिंग देते, फक्त ऋण उत्तरात ३६० मिळवावे लागतात. जुन्या प्रोग्रॅममध्ये ‘९० वजा’ असे काही दिसले, तर लिहिणाऱ्याने गणिती क्रम वापरून नंतर दुरुस्ती केली आहे असे समजावे. नव्या यंत्रावर क्रम बदलून ही दुरुस्तीही तशीच ठेवली, तर बेअरिंग आरशातल्यासारखे उलटे येते.

अंश, रेडियन आणि ग्रेड यांपैकी कोणते एकक निवडलेले आहे, हे प्रोग्रॅमच्या पहिल्या ओळीतच ठरवून टाकावे. ५८००पी वर ‘डेग’ ही आज्ञा प्रोग्रॅममध्ये लिहिता येते. टीआय-८४ वर ‘डिग्री’ ही आज्ञा आहे आणि एचपी-३५एस वरही मोड प्रोग्रॅममधून बदलता येतो. जुन्या वह्यांमध्ये ही ओळ सहसा नसते, कारण लिहिणाऱ्याचे यंत्र कायम अंशांवर असे.

कॅसिओवरून कॅसिओवर

एकाच कंपनीची यंत्रे असल्याने हे स्थलांतर सोपे वाटते, पण गप्प राहणाऱ्या चुका येथेच जास्त होतात. ४५००पी वर पोल आणि त्याच्या उलट काम करणारे रेक या फंक्शनांची उत्तरे व्ही आणि डब्ल्यू या अक्षरांत ठेवली जातात. ४८००पी आणि ५८००पी वर ती आय आणि जे या अक्षरांत जातात. एफएक्स-९९१एमएस वर हाताने पडताळा घेणाऱ्याला ती ई आणि एफ मध्ये सापडतील, तर ९९१ईएस वर एक्स आणि वाय मध्ये. शेवटची गोष्ट विशेष लक्षात ठेवावी: ज्याने फरकाचे आकडे एक्स आणि वाय मध्येच भरून पोल केले, त्याचे मूळ आकडे त्या क्षणी पुसले जातात.

आता दोन स्टेशनांमधील अंतर आणि बेअरिंग काढणारा छोटा तुकडा पाहू. ए आणि बी हे पहिल्या स्टेशनचे नॉर्दिंग व ईस्टिंग, सी आणि डी हे दुसऱ्याचे. ४५००पी साठी वहीत साधारण असे लिहिलेले असते:

पोल(सी−ए, डी−बी) : डब्ल्यू<० ⇒ डब्ल्यू=डब्ल्यू+३६० ⊿
व्ही ◢
डब्ल्यू ◢

५८००पी वर हाच तुकडा असा होतो:

पोल(सी−ए, डी−बी)
इफ जे<० : देन जे+३६०→जे : इफएंड
आय ◢
जे ▸डीएमएस ◢

(◢ म्हणजे उत्तर दाखवून थांबणे, डीएमएस म्हणजे अंश-मिनिट-सेकंद.) येथे बदललेल्या गोष्टी एकेक करून पाहाव्यात. किंमत भरण्यासाठी जुन्या यंत्रावर बरोबरीचे चिन्ह होते आणि अक्षर डावीकडे होते. नव्या यंत्रावर बाण आहे आणि अक्षर उजवीकडे येते. बरोबरीचे चिन्ह ५८००पी वर तुलनेसाठी आहे, त्यामुळे ते सवयीने टाइप झाले तर किंमत भरली जात नाही. महिरपी कंसात अक्षरे लिहून आकडे विचारण्याची जुनी पद्धत जाऊन तेथे प्रश्नचिन्ह येते. ‘?→ए’ असे लिहिल्यास नवा आकडा विचारला जातो. ‘?ए’ असे लिहिल्यास आधीची किंमत समोर दिसते आणि नुसते एक्झी हे आज्ञा चालवण्याचे बटण दाबल्यास ती कायम राहते. एकाच स्टेशनवरून अनेक बिंदू घेताना स्टेशनच्या निर्देशांकांसाठी दुसरा प्रकार आणि बिंदूंसाठी पहिला प्रकार वापरणे सोयीचे आहे, कारण नव्या बिंदूसाठी जुना आकडा चुकून पुढे जाण्याची शक्यता त्यामुळे कमी होते.

सर्वांत फसवा बदल दुहेरी बाणाचा आहे. ४५००पी आणि ४८००पी वर अट खरी ठरल्यास ⇒ पासून ⊿ पर्यंतची सगळी विधाने त्या अटीखाली येतात. ५८००पी वर ⇒ हे चिन्ह आहे, दिसते तसेच आहे, पण त्याचा अंमल फक्त पुढच्या एका विधानावर चालतो. समजा, जुन्या प्रोग्रॅममध्ये अटीखाली दोन विधाने होती: कोनात ३६० मिळवणे आणि एका मोजणी-अक्षरात एक वाढवणे. ⊿ काढून टाकून बाकीचे तसेच टाइप केले, तर पहिले विधान अटीनुसार चालेल आणि दुसरे प्रत्येक वेळी चालेल. यंत्र कोणतीही एरर दाखवणार नाही. म्हणून ५८००पी वर आणताना प्रत्येक ⇒ च्या जागी इफ-देन-इफएंड लिहिण्याची सवय लावून घ्यावी. चार बाइट जास्त गेले तरी या यंत्रात २८,५०० बाइटची जागा आहे.

अक्षरांची टक्करही येथेच होते. ४५००पी साठी लिहिणाऱ्याने व्ही आणि डब्ल्यू मोकळी ठेवली, पण यंत्राच्या उंचीसाठी आय आणि फेऱ्या मोजण्यासाठी जे वापरले असण्याची शक्यता बरीच असते. ५८००पी वर पहिल्याच पोलनंतर यंत्राची उंची जाऊन तेथे अंतर बसते. पुढे लेव्हल काढताना त्या अंतराची उंची म्हणून बेरीज होते. अंतर काही शे मीटर असेल तर चूक लगेच दिसेल, पण दोन मीटरवरचा बिंदू घेतला असेल तर ती सहज खपून जाईल. उपाय साधा आहे: तक्त्यात पाहून आय आणि जे ही दोन अक्षरे प्रोग्रॅमच्या स्वतःच्या वापरातून पूर्णपणे काढावीत, आणि पोल किंवा रेक झाल्याबरोबर त्यांच्यातील किंमती दुसऱ्या अक्षरांत हलवाव्यात. उपप्रोग्रॅम असेल तर तोही तपासावा, कारण सर्व प्रोग्रॅम तीच ए ते झेड अक्षरे वापरतात.

५८००पी वरून दुसऱ्या ५८००पी वर प्रोग्रॅम केबलने पाठवता येतो, पण जुन्या मॉडेलवरून तसे करता येत नाही. तेथे हातानेच टाइप करावे लागते, आणि शून्य व ओ, एक व आय यांतला फरक वहीतल्या अक्षरात कळत नसेल तर वर केलेला तक्ताच कामी येतो.

एचपी-३५एस वर आणताना

एचपी-३५एस हे यंत्र एचपीने २००७ मध्ये, एचपी-३५ च्या पस्तिसाव्या वर्षी काढले. त्यावर आरपीएन (आधी आकडे भरायचे, मग क्रिया करायची) आणि बीजगणितीय अशा दोन पद्धती आहेत. एका पद्धतीत लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्या पद्धतीत चालवल्यास उत्तर भलतेच येऊ शकते, म्हणून कोणत्या पद्धतीसाठी लिहिला ते वहीत मथळ्यालाच लिहावे. मी येथे आरपीएन धरले आहे.

पहिली अडचण म्हणजे या यंत्रावर पोलसारखे थेट बटण नाही. त्याआधीच्या एचपी-३३एस वर ते होते. तेथे नॉर्दिंगचा फरक एक्स रजिस्टरमध्ये आणि ईस्टिंगचा फरक वाय रजिस्टरमध्ये ठेवून रूपांतर केले की एक्समध्ये अंतर आणि वायमध्ये कोन येत असे. ३५एस वर हे काम संमिश्र संख्येकडून करून घ्यावे लागते. नॉर्दिंगचा फरक हा वास्तव भाग आणि ईस्टिंगचा फरक हा काल्पनिक भाग मानला, की त्या संख्येचे एबीएस म्हणजे अंतर आणि एआरजी म्हणजे कोन. फरक एन आणि ई या अक्षरांत ठेवले आहेत असे धरून (एसटीओ म्हणजे अक्षरात साठवणे, आरसीएल म्हणजे ते परत आणणे):

आरसीएल ई
०आय१
×
आरसीएल एन
+
एसटीओ झेड
एबीएस
एसटीओ डी
आरसीएल झेड
एआरजी
३६०
एक्स⇄वाय
एक्स<०?
+
→एचएमएस
एसटीओ बी

‘एक्स<०?’ ही अट खरी असेल तर यंत्र पुढची ओळ चालवते, खोटी असेल तर ती एकच ओळ वगळते. ‘३६०’ आणि ‘+’ या दोन ओळी अटीनंतर लिहिल्या असत्या तर ऋण नसलेल्या कोनासाठी फक्त ३६० वगळले गेले असते आणि बेरीज स्टॅकमध्ये, म्हणजे यंत्रातील आकड्यांच्या चळतीत, जे सापडेल त्याच्याशी झाली असती. म्हणून ३६० आधीच स्टॅकवर ठेवले, अदलाबदल करून कोन पुढे आणला आणि अटीखाली केवळ बेरीज ठेवली. कोन धन असल्यास ३६० वाय रजिस्टरमध्ये पडून राहते, त्याने काही बिघडत नाही. ही युक्ती जुन्या एचपी यंत्रांवर काम करणाऱ्यांनी वर्षानुवर्षे वापरली आहे आणि ती शिकून घेण्यासारखी आहे.

उलट दिशेचे काम, म्हणजे अंतर आणि बेअरिंग यांवरून फरक काढणे, संमिश्र संख्येने करता येते. परंतु अंतर गुणिले कोसाइन म्हणजे नॉर्दिंगचा फरक आणि अंतर गुणिले साइन म्हणजे ईस्टिंगचा फरक, असे सरळ लिहावे. सहा महिन्यांनी वाचणाऱ्यालाही ते कळते.

दुसरी अडचण अंश-मिनिट-सेकंदांची. कॅसिओवर अंशाचे बटण तीनदा दाबून ७४°३०′०″ भरतात. एचपीवर हाच कोन ७४.३००० असा लिहितात: दशांश चिन्हापुढचे पहिले दोन अंक मिनिटे, पुढचे दोन सेकंद. या संख्येवर तिला दशांश अंशांत नेणारी ‘एचएमएस→’ ही आज्ञा चालवल्याशिवाय साइन घेतल्यास यंत्र तिला ७४.३ अंश, म्हणजे ७४°१८′ समजते. रेखांशात ही चूक झाली तर आपल्या अक्षांशावर बिंदू सुमारे २१ किलोमीटर पश्चिमेला जातो, आणि इतकी मोठी चूक कोणाच्याही नजरेत भरते. परंतु ट्रॅव्हर्समधील (एकामागून एक स्टेशने जोडत नेलेल्या मोजणीतील) अर्ध्या मिनिटाची दुरुस्ती ०.००३० अशी भरली आणि रूपांतर विसरले, तर ३० सेकंदांच्या जागी १०.८ सेकंद धरले जातात. ही चूक कोणालाही दिसत नाही, फक्त ट्रॅव्हर्स जुळत नाही आणि दोष टोटल स्टेशनवर, म्हणजे कोन-अंतर मोजणाऱ्या यंत्रावर, जातो. म्हणून नियम असा करावा, की कोन भरल्याबरोबर दशांश अंशांत न्यायचा, आत सर्वत्र दशांश अंशच ठेवायचे आणि दाखवण्याच्या अखेरच्या ओळीतच अंश-मिनिट-सेकंद करायचे.

ग्राफिक कॅल्क्युलेटर आणि पायथन

टीआय-८४ वर अंतरासाठी एक आणि कोनासाठी दुसरे अशी स्वतंत्र फंक्शने आहेत, त्यामुळे अक्षरे पुसली जाण्याची भीती नाही. मात्र तेथे गुणाकाराचे चिन्ह गाळण्याची सवय महागात पडते. पृथ्वीच्या वक्रतेची दुरुस्ती अंतराचा वर्ग भागिले दोन त्रिज्या अशी असते आणि कॅसिओच्या वहीत ती ‘डी²÷२आर’ अशी लिहिलेली असते. ५८००पी चिन्ह गाळलेला गुणाकार आधी करतो, म्हणजे भाजक २आर राहतो. टीआय-८४ डावीकडून क्रमाने जातो, म्हणजे आधी दोनने भागतो आणि मग आरने गुणतो. दोन्ही यंत्रांवर चालणारा प्रोग्रॅम हवा असेल तर भाजकाला कंस करावा आणि गुणाकाराचे चिन्ह लिहावे.

पायथन चालणाऱ्या कॅल्क्युलेटरवर एटॅन२ हे फंक्शन वापरतात. त्यात पहिला आकडा वाय असतो, म्हणून सर्व्हेच्या बेअरिंगसाठी ईस्टिंगचा फरक आधी आणि नॉर्दिंगचा नंतर द्यावा लागतो, म्हणजे पोलच्या बरोबर उलट. एक्सेलमध्ये याच नावाच्या फंक्शनला एक्स आधी लागतो. शिवाय पायथन आणि एक्सेल दोन्ही रेडियनमध्ये उत्तर देतात.

अक्षांश-रेखांशावरून यूटीएम

भौगोलिक निर्देशांकांवरून यूटीएम ग्रिडवर, म्हणजे सहा-सहा अंशांच्या झोनमध्ये मीटरमध्ये निर्देशांक देणाऱ्या जाळीवर, नेणारा प्रोग्रॅम मोठा असतो आणि त्यातली चूक शोधणे अवघड असते, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहितो. सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे ४३ व्या झोनमध्ये येतात. या झोनचे मध्य रेखावृत्त ७५° पूर्व आहे, ईस्टिंगमध्ये ५,००,००० मिळवतात आणि मापगुणक ०.९९९६ आहे. डब्ल्यूजीएस-८४ या जीपीएसच्या पृथ्वी-प्रतिमानाचा अर्ध-दीर्घ अक्ष ६३७८१३७ मीटर आणि चपटेपणा १ भागिले २९८.२५७२२३५६३ इतका आहे.

विषुववृत्तापासूनचे रेखावृत्तावरील अंतर एम, अक्षांश एल अंशात घेऊन, डब्ल्यूजीएस-८४ साठी असे लिहिता येते:


एम = १११,१३२.९५२५५×एल − १६०३८.५०८७×साइन(२×एल) + १६.८३२६×साइन(४×एल) − ०.०२२०×साइन(६×एल)

त्यानंतर एन ही आडव्या छेदाची वक्रता-त्रिज्या, टी म्हणजे अक्षांशाच्या टॅनचा वर्ग, सी म्हणजे ०.००६७३९४९६७ गुणिले कोसाइनचा वर्ग, आणि ए म्हणजे रेखांशातील फरक रेडियनमध्ये गुणिले कोसाइन. मग:

ईस्टिंग = ५००००० + ०.९९९६×एन×(ए + (१−टी+सी)×ए³÷६)
नॉर्दिंग = ०.९९९६×(एम + एन×टॅन(एल)×(ए²÷२ + (५−टी+९×सी+४×सी²)×ए⁴÷२४))

यंत्र अंशांवर असताना साइन-कोसाइन अंशांत घेतले जातात, पण ए मात्र रेडियनमध्येच हवा. जुन्या प्रोग्रॅममध्ये कोठेतरी ‘×पाय÷१८०’ दिसते ते यासाठीच. हे विसरून सगळे यंत्र रेडियनवर केले तर एम चा पहिला गुणकही बदलावा लागेल. मी अंशांवरच राहण्याची शिफारस करतो.

पडताळ्यासाठी १७° उत्तर अक्षांश घ्यावा. ७५° पूर्व रेखांशावर ईस्टिंग नेमके ५०००००.०० आणि नॉर्दिंग १८७९५५५.०४ आले पाहिजे. ७४°३०′ रेखांशावर ईस्टिंग ४४६७७७.८२ आणि नॉर्दिंग १८७९६२२.९३ आले पाहिजे. ७५°३०′ वर ईस्टिंग ५५३२२२.१८ आणि नॉर्दिंग पुन्हा १८७९६२२.९३. शेवटचे दोन बिंदू मध्य रेखावृत्ताच्या दोन बाजूंना समान अंतरावर आहेत, त्यामुळे त्यांच्या ईस्टिंगची बेरीज बरोबर दहा लाख होते.

७५°३०′ चा बिंदू वगळू नये. सातारा, कऱ्हाड, वाई, मिरज, तासगाव, विटा ही सगळी गावे ७५° रेखावृत्ताच्या पश्चिमेला आहेत, म्हणून रेखांशातील फरक तेथे नेहमी ऋण असतो. एखाद्याने फरक ‘७५ वजा रेखांश’ असा उलटा घेतला आणि शेवटी ५,००,००० मधून वजा केला, किंवा कोठे ऋण चिन्ह काढून टाकून निरपेक्ष किंमत घेतली, तरी या गावांसाठी उत्तर बरोबर येऊ शकते. पण ७५° चे रेखावृत्त कवठेमहांकाळ आणि जत यांच्या मधून जाते. म्हैसाळ उपसा सिंचन योजनेच्या पाण्याप्रमाणे आखणीची रेषा जतकडे गेली, की फरकाचे चिन्ह बदलते आणि निरपेक्ष किंमत घेणारा प्रोग्रॅम जतचा बिंदू आरशात पाहिल्याप्रमाणे पश्चिमेला टाकतो. सांगली जिल्ह्यात काम करणाऱ्याने या रेषेच्या दोन्ही बाजूंचे बिंदू तपासल्याशिवाय प्रोग्रॅम वापरात आणू नये.

अर्ध्या अंशावरचा पडताळा ए⁴ चे पद मात्र तपासत नाही, कारण तेथे त्याचा वाटा सुमारे दोन मिलिमीटर इतकाच आहे. महाबळेश्वरच्या रेखांशावर तो दहा सेंटीमीटरच्या आसपास जातो. म्हणून ७२°३०′ च्या जवळचा एखादा बिंदू विश्वासू संगणक प्रणालीवर काढून त्याच्याशीही ताडून पाहावे.

रूपांतर करून उलट रूपांतर केले आणि मूळ आकडे परत आले, तर बरेच जण समाधान मानतात. दोन्ही प्रोग्रॅममध्ये तोच स्थिरांक चुकीचा टाइप झाला असेल तर मूळ आकडे तरीही परत येतात. त्यामुळे बाहेरच्या आकड्यांशी ताडणे टाळता येत नाही.

जुन्या नकाशांबाबत एक इशारा देणे आवश्यक आहे. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर सर्वांसाठी काढलेले ओपन सिरीज नकाशे डब्ल्यूजीएस-८४ आणि यूटीएमवर आहेत, तर त्यापूर्वीच्या टोपोशीट (भूपृष्ठाचे नकाशे) एव्हरेस्ट इलिप्सॉइड या पृथ्वीच्या जुन्या प्रतिमानावर आहेत. प्रोग्रॅममधील अक्ष आणि चपटेपणा बदलले म्हणजे डेटम (निर्देशांक ज्यावर मोजतात तो पाया) बदलला, असे होत नाही. त्यासाठी पृथ्वीच्या केंद्राशी संबंधित तीन अक्षांवर सरकवावे लागते. भारत व नेपाळसाठी प्रसिद्ध झालेले हे सरकवणे २९५, ७३६ आणि २५७ मीटर आहे, पण त्याची अचूकता दहा-पंधरा मीटरच्या घरातली आहे. नकाशावर जागा शोधण्यासाठी ते पुरेसे आहे, बांधाच्या हद्दीसाठी अजिबात नाही.

उत्तर चुकले तर कोठे पाहावे

बेअरिंगचा पडताळा चारही चरणांत घ्यावा. नॉर्दिंगचा फरक ४ आणि ईस्टिंगचा फरक ३ दिल्यास अंतर ५ आणि बेअरिंग ३६°५२′१२″ आले पाहिजे. नॉर्दिंग ऋण केल्यास १४३°०७′४८″, दोन्ही ऋण केल्यास २१६°५२′१२″ आणि फक्त ईस्टिंग ऋण केल्यास ३२३°०७′४८″. पहिल्याच बिंदूला ५३°०७′४८″ आले तर क्रम उलटा झाला आहे. पहिले दोन बरोबर आणि शेवटचे दोन ऋण आले तर ३६० मिळवणारी अट चालत नाही. पहिला आणि तिसरा बिंदू सारखेच उत्तर देत असतील, तर प्रोग्रॅममध्ये साधे टॅन-इन्व्हर्स वापरले आहे आणि चरण ओळखण्याचा भाग टाइप करताना सुटला आहे. अंतर बरोबर येऊन कोन १ पेक्षाही लहान आला, तर यंत्र रेडियनवर आहे.

यूटीएममध्ये चूक किती मोठी आहे, त्यावरूनच तिचे कारण कळते. वरच्या ७४°३०′ च्या बिंदूसाठी नॉर्दिंग सुमारे ७५२ मीटरने जास्त आले तर ०.९९९६ ने गुणायचे राहिले आहे. नॉर्दिंग सुमारे १४४ मीटरने कमी आणि ईस्टिंग मध्य रेखावृत्ताकडे सुमारे ७ मीटर सरकलेले आले, तर प्रोग्रॅममध्ये अजून ६३७७३०१.२४३ मीटर अक्षाचा एव्हरेस्ट इलिप्सॉइड आहे. ईस्टिंगमध्ये केवळ ५६ सेंटीमीटरचा फरक आला तर ए³ चे पद गळले आहे किंवा त्याच्या कंसात चूक आहे. फरक मिलिमीटरचा असेल तर स्थिरांकांचे शेवटचे अंक पुन्हा वाचावेत आणि मधली किंमत कागदावर उतरवून पुन्हा टाइप केली का ते पाहावे. पडद्यावर दहा अंक दिसतात, पण यंत्र आत त्याहून जास्त अंक धरून असते आणि ते अंक अक्षरात साठवल्यासच टिकतात.